धारण आणि भाव : धान्याच्या किमतीची भाषा

जुनी पत्रे, हिशेबाच्या वह्या किंवा इंग्रजी अमदानीतील जिल्हा गॅझेटिअर वाचताना धान्याच्या किमतीपाशी वाचकाची हमखास गफलत होते. आज आपण ‘ज्वारी चाळीस रुपये किलो’ असे म्हणतो. वस्तू स्थिर असते, रुपये बदलतात. जुन्या व्यवहारात रुपया स्थिर असे आणि धान्य बदलत असे : ‘रुपयास वीस शेर’. या दराला ‘धारण’ म्हणत. त्यामुळे वीस शेरांचे दहा शेर झाले, याचा अर्थ धान्य स्वस्त झाले असा नसून दुप्पट महाग झाले असा होतो. आकडा लहान होतो, महागाई वाढते.

यात आणखी एक खोच आहे. रुपयाला मिळणारे धान्य तीस शेरांवरून चोवीस शेरांवर आले, तर महागाई २५ टक्के होते. तेच बारा शेरांवरून सहा शेरांवर आले, तर ती १०० टक्के होते. घट दोन्हीकडे सहा शेरांचीच! म्हणून नुसती वजाबाकी करून दुष्काळाची तीव्रता ठरवू नये. शिवाय शेर, पायली, मण ही मापे प्रांतोप्रांती वेगळी होती. दोन गावांच्या धारणेची तुलना करताना माप कोणते, हे आधी पाहावे.

धान्याचा भाव वर्षाच्या आतही फिरतो. रब्बी ज्वारीची सुगी झाली की बाजारात आवक वाढते, भाव पडतो. आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या होतात आणि भाव चढतो. ‘दिढी’ हा शब्द याच फेऱ्यातला आहे. समजा, पावसाळ्यात रुपयास बारा शेर धारण असताना एका कुटुंबाने बारा शेर ज्वारी उसनी घेतली आणि सुगीला दिढीने अठरा शेर परत केली. सुगीची धारण रुपयास अठरा शेर असेल, तर रुपयांच्या हिशेबात घेतले एक आणि दिले एक; व्याज दिसतच नाही. पण त्या घरातून सहा शेर ज्वारी जास्तीची गेली आहे, आणि सावकाराने ते अठरा शेर पुढच्या पावसाळ्यापर्यंत राखले, तर त्याचे दीड रुपया होणार आहेत. कोणत्या भाषेत हिशेब मांडला, यावर काय दिसते आणि काय झाकले जाते, हे ठरते.

रोख मजुरीवर जगणाऱ्याला हा फरक सर्वांत जास्त जाचतो. १८७६-७८च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवर मजुरी धान्याच्या भावाशी जोडलेली होती. १८७७मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार ती कमी करण्यात आली, तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. वाद आण्यांचा दिसतो. होता तो रोज पोटात किती धान्य जाते याचा.

१९५६च्या कायद्यानंतर मेट्रिक मापे आली, शेर हळूहळू व्यवहारातून गेला आणि वाक्याची दिशाही कायमची फिरली. आता एक गणित करून पाहा. संकरित ज्वारीची किमान आधारभूत किंमत २०१४-१५मध्ये क्विंटलला १५३० रुपये होती, २०२४-२५मध्ये ३३७१ रुपये झाली. (हा सरकारने जाहीर केलेला दर आहे, बाजारभाव त्याच्या खाली-वर असतो.) जुन्या रीतीने सांगायचे तर रुपयाला सुमारे ६५ ग्रॅम मिळणारी ज्वारी आता ३० ग्रॅमही मिळत नाही. पण ज्वारी खरोखर किती महागली, हे एवढ्यावरून ठरत नाही. त्याच दोन वर्षांतील आपल्या गावची शेतमजुरी माहीत करून घ्या आणि एका दिवसाच्या मजुरीत तेव्हा किती किलो ज्वारी येत होती व आता किती येते, ते काढा. उत्तर किलोत लिहा, रुपयांत नको.