पडद्यावरच्या राजकन्या

(परीकथेतील राजकन्या चित्रपटात येते, तेव्हा तिचा चेहरा, तिचा रंग आणि तिचे बोलणे कोणीतरी ठरवलेले असते. हे कोण ठरवते आणि त्याचा पाहणाऱ्या मुलांवर काय परिणाम होतो, याची माहिती या पाठात दिली आहे.)

‘अलिफ लैला’ हे नाव तुम्ही ऐकलेले असेल. अलादीन, त्याचा जादूचा दिवा आणि दिव्यातून बाहेर येणारा जिन यांची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकली असेल किंवा पुस्तकात वाचली असेल. पण त्या गोष्टीतील राजकन्येचे नाव तुम्हांला आठवते का?

तिचे नाव होते बद्रुल बुदूर, म्हणजे पूर्णचंद्रांमधील पूर्णचंद्र. हलब शहरातून आलेल्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने ही गोष्ट १७०९ साली पॅरिसमध्ये आंत्वान गालां या फ्रेंच लेखकाला सांगितली. गालांने ती आपल्या फ्रेंच ‘अलिफ लैला’त घातली. या पुस्तकात अलादीन चीनमध्ये राहतो. पुढे १९९२ साली अमेरिकेतील डिस्ने कंपनीने याच गोष्टीवर चित्रपट काढला. तेव्हा चीन देश गेला आणि त्याच्या जागी ‘अग्राबा’ नावाचे एक काल्पनिक अरबी शहर आले. बद्रुल बुदूर गेली आणि जास्मिन आली.

एका राजकन्येचे नाव आणि गाव इतक्या सहज बदलते. मग तिचा चेहरा आणि रंग कोण ठरवतो?

हे समजण्यासाठी असे चित्रपट कसे तयार होतात ते पाहू. चित्रे काढून जो चित्रपट करतात, त्याला ॲनिमेशनपट म्हणतात. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात, म्हणून चित्रातील माणसे चालताबोलताना दिसतात. नेहमीच्या चित्रपटात कॅमेऱ्यासमोर खरा माणूस उभा असतो. त्याचे नाक, डोळे जसे असतील तसे दिसतात. ॲनिमेशनपटात तसे नसते. तेथे प्रत्येक रेघ कोणीतरी ओढलेली असते आणि प्रत्येक रंग कोणीतरी निवडलेला असतो. राजकन्या गोरी असेल, तर ती कोणीतरी गोरी रंगवलेली असते.

डिस्ने कंपनीचा पहिला मोठा ॲनिमेशनपट १९३७ साली आला. त्याची नायिका म्हणजे ‘स्नो व्हाइट’. मराठीत तिला हिमगौरी म्हणतात. बर्फासारखा गोरा रंग तिच्या नावातच आहे! ही गोष्ट जर्मनीतील ग्रिम बंधूंनी आपल्या संग्रहात लिहून ठेवली होती. त्यानंतर १९५० मध्ये सिंड्रेला आली आणि १९५९ मध्ये झोपलेली राजकन्या आली. पुढे १९८९ मध्ये जलपरी एरियल आणि १९९१ मध्ये पुस्तके वाचणारी बेल आली. या पाचही जणी गोऱ्या होत्या. त्यांच्या कथा जर्मनी, फ्रान्स आणि डेन्मार्क या देशांतील होत्या. त्यामुळे त्यांचे चेहरे तसे असणे चुकीचे नव्हते. परंतु हे चित्रपट साऱ्या जगात पोहोचले. आफ्रिकेतील, आशियातील आणि अमेरिकेतीलही अनेक मुलींना वाटू लागले, की सुंदर राजकन्या अशीच असते, आपल्यासारखी नसते.

कोणी म्हणेल, “ही तर नुसती चित्रे आहेत. त्यांचे एवढे काय मनावर घ्यायचे?” या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या प्रयोगातून मिळते. केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय पतिपत्नी मानसशास्त्रज्ञ होते. १९४० च्या सुमारास त्यांनी लहान कृष्णवर्णीय मुलांसमोर बाहुल्या ठेवल्या. बाहुल्या अगदी सारख्या होत्या. फरक फक्त रंगाचा होता. चांगली बाहुली कोणती, असे विचारल्यावर बहुतेक मुलांनी गोरी बाहुली दाखवली. मग विचारले, “तुझ्यासारखी बाहुली कोणती?” तेव्हा काही मुले रडू लागली. त्या काळी अमेरिकेच्या अनेक राज्यांत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगवेगळ्या होत्या. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदेशीर ठरवली. त्या निकालात क्लार्क यांच्या संशोधनाचाही उल्लेख आहे. जे रोज डोळ्यांसमोर असते, त्यावरून मूल स्वतःची किंमत ठरवते, हे या प्रयोगातून दिसून आले.

आता पुन्हा जास्मिनकडे वळू. डिस्नेच्या या प्रसिद्ध राजकन्यांपैकी गोरी नसलेली ती पहिलीच. तिच्या येण्याने अनेकांना आनंद झाला. मात्र अमेरिकेत राहणाऱ्या अरब लोकांना या चित्रपटातील काही गोष्टी खटकल्या. चित्रपटाच्या सुरुवातीच्या गाण्यात एक ओळ होती. चेहरा आवडला नाही तर त्या मुलखात कान कापतात, असा तिचा अर्थ होता. शिवाय अलादीन आणि जास्मिन अमेरिकन पद्धतीने बोलत होते, तर दुष्ट पहारेकरी आणि दुकानदार परक्या उच्चारात बोलत होते. चांगली माणसे आपल्यासारखी आणि वाईट माणसे परकी, असाच अर्थ त्यातून निघत होता. अमेरिकेतील अरब लोकांच्या संघटनेने याविरुद्ध आवाज उठवला. तेव्हा १९९३ मध्ये चित्रपटाची व्हिडिओ कॅसेट निघताना ती ओळ बदलण्यात आली. पण त्याच गाण्यात त्या मुलखाला रानटी म्हणणारा एक शब्द होता. तो तसाच राहिला. पुढे २०१९ साली खऱ्या नटनट्यांना घेऊन हा चित्रपट पुन्हा काढला, तेव्हा तो शब्दही गेला.

चेहरा बदलला की सारे काही ठीक होते का? तसेही नाही. कार्मेन फॉट आणि कॅरेन आयझेनहॉवर या दोन भाषातज्ज्ञ महिलांनी अशा चित्रपटांतील संवाद मोजले. त्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. सिंड्रेलाच्या चित्रपटात सुमारे ६० टक्के बोलणे स्त्रियांच्या वाट्याला आले होते. पुढच्या काळातल्या ‘अलादीन’मध्ये मात्र ९० टक्के बोलणे पुरुषांचे होते. ‘पोकाहोंटास’मध्ये ७६ टक्के आणि ‘मुलान’मध्ये ७७ टक्के बोलणे पुरुषांचेच होते. म्हणजे राजकन्या धीट झाली, घोड्यावर बसली, लढाईत उतरली. पण तिच्याभोवतीची जवळजवळ सारी पात्रे पुरुषांची होती. १९९२ च्या जास्मिनला एकटीने म्हणायचे एकही गाणे नव्हते. २०१९ च्या चित्रपटात तिला ते मिळाले. मी गप्प बसणार नाही, असा त्या गाण्याचा आशय आहे. शेवटी तीच सुलतान होते.

१९९५ मध्ये आलेली पोकाहोंटास ही तर खरी व्यक्ती होती. ती अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या एका सरदाराची मुलगी. १६०७ साली इंग्रज लोक तिच्या प्रदेशात आले, तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. पुढे इंग्रजांनी तिला पकडून नेले. तिचे लग्न एका इंग्रजाशी झाले. १६१७ साली, ऐन तारुण्यात, ती इंग्लंडमध्ये मरण पावली. चित्रपटात मात्र ती तरुण स्त्री आहे आणि एका इंग्रज खलाशावर तिचे प्रेम आहे. त्या खलाशाने खरोखर असे काही लिहिलेले नाही. तिच्या लोकांच्या वंशजांनी या बदलाबद्दल तक्रार केली. आमचा चेहरा घेतला, पण आमची हकीकत घेतली नाही, असे त्यांचे दुःख होते.

२००९ साली टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या पडद्यावर आली. पहिली राजकन्या आल्यापासून बहात्तर वर्षे उलटली होती. टियाना न्यू ऑर्लिन्स शहरातील कष्टाळू मुलगी आहे. स्वतःचे उपाहारगृह काढायचे, हे तिचे स्वप्न असते. चित्रपट तयार होत असताना तिचे नाव मॅडी होते आणि ती मोलकरीण होती. गुलामगिरीच्या काळाची आठवण देणारे हे नाव आणि काम लोकांना आवडले नाही. मग कंपनीने दोन्ही बदलले. तरीही लोकांची एक तक्रार राहिलीच. चित्रपटातील बराच वेळ टियाना बेडकीच्या रूपात असते, मग तिचा चेहरा मुलींना दिसणार कधी? पुढे २०१८ साली दुसऱ्या एका चित्रपटाच्या जाहिरातीत टियाना दिसली. त्यात तिचा रंग उजळ आणि नाक बारीक झाले होते. लोकांनी ते लगेच ओळखले. कंपनीने टियानाला आवाज देणाऱ्या अभिनेत्रीशी चर्चा केली आणि चित्रे पुन्हा काढली. रंग कोणीतरी निवडलेला असतो, म्हणूनच तो बदलताही येतो.

२०१६ च्या ‘मोआना’च्या वेळी कंपनीने वेगळा मार्ग धरला. मोआना ही पॅसिफिक महासागरातील एका बेटावरच्या सरदाराची मुलगी. तिची गोष्ट लिहिताना त्या बेटांवरील जाणकारांचे एक मंडळ नेमले. नावा, कपडे, गोंदण, नाच अशा अनेक बाबतींत त्यांचा सल्ला घेतला. मोआनाला आवाज देण्यासाठी हवाई बेटावरील एका शाळकरी मुलीची निवड झाली. पुढे हा चित्रपट न्यूझीलंडमधील माओरी भाषेतही आला. आपल्या भाषेत बोलणारी नायिका तेथील मुलांना पडद्यावर भेटली. या वेळीही एक चूक झालीच. चित्रपटातील माउई या पात्राचा पोशाख मुलांसाठी विक्रीला आला. तो तपकिरी कातडीसारखा होता आणि त्यावर गोंदण छापलेले होते. दुसऱ्याची कातडी हा पोशाख नव्हे, असे बेटांवरील लोकांनी ठणकावून सांगितले. कंपनीने तो पोशाख मागे घेतला.

या साऱ्या हकीकतींवरून एक गोष्ट स्पष्ट होते. पडद्यावर वेगवेगळ्या रंगांचे चेहरे दिसणे ही चांगली सुरुवात आहे, पण ती फक्त सुरुवात आहे. ज्यांची गोष्ट सांगायची, त्यांना विचारले का? गोष्टीतल्या मुलीला स्वतःचे म्हणणे मांडता येते का? हे दोन प्रश्न त्याहून महत्त्वाचे आहेत. ज्या ज्या वेळी बदल झाला, त्या त्या वेळी तो आपोआप झाला नाही. पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी उठून म्हणाले, “हे आमच्यासारखे नाही.” तेव्हा कोठे रेघा आणि रंग बदलले.

पुढच्या वेळी असा चित्रपट पाहाल, तेव्हा गोष्टीची मजा जरूर घ्या. पण ती राजकन्या कोणी रंगवली आणि ती स्वतः किती बोलली, याकडेही लक्ष द्या.

शब्दार्थ
काल्पनिक – मनाने रचलेले, खरे नसलेले. आशय – मतलब, अर्थ. वंशज – पुढच्या पिढीतील लोक. गोंदण – सुईने अंगावर काढलेली नक्षी. जाणकार – एखाद्या विषयाची चांगली माहिती असणारा.

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गालांच्या पुस्तकात अलादीन कोणत्या देशात राहतो?
(आ) माउईचा पोशाख कंपनीने मागे का घेतला?
प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बाहुल्यांच्या प्रयोगातून काय दिसून आले?
(आ) पोकाहोंटासची खरी हकीकत आणि चित्रपटातील गोष्ट यांत कोणता फरक आहे?
उपक्रम : घरातील मोठ्या माणसांकडून एखाद्या शहजादीची गोष्ट उर्दूत ऐका व ती मराठीत दहा ओळींत लिहा.