संगीत सर्व्हर, घरगुती

अंकीय स्वरूपात साठविलेले संगीत घरातील संगणक-जाळ्यामार्फत एका वा अनेक खोल्यांतील वादनसंचांकडे पोहोचविणाऱ्या यंत्रणेस संगीत सर्व्हर म्हणतात. ‘सर्व्हर’ हा शब्द येथे दोन अर्थांनी वापरला जातो : ज्या यंत्रात ध्वनिसंचिका साठविलेल्या असतात ते यंत्र व त्या संचिकांची सूची ठेवून मागणीप्रमाणे त्या पुरविणारी संगणकीय आज्ञावली. विवर्धक व ध्वनिक्षेपक हे हाय-फाय संचाचे जुने घटक कायमच राहतात. तबकडी वा फीत वाजविणाऱ्या यंत्राची जागा तेवढी हा सर्व्हर घेतो.

टॉमस एडिसन यांच्या फोनोग्राफपासून (१८७७) १९९० च्या दशकापर्यंत संगीत आणि ते ज्यावर मुद्रित झाले ती वस्तू ही एकमेकांपासून वेगळी करता येत नव्हती. भारतात १९०२ मध्ये पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे झाली. त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. १९४८ मध्ये दीर्घवादन तबकडी, १९६३ मध्ये कॅसेट व १९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क (सीडी) आली. सीडीने ध्वनीचे अंकांत रूपांतर केले आणि अंक कोणत्याही माध्यमावर तंतोतंत उतरविता येत असल्यामुळे संगीताची वस्तूपासून फारकत झाली. स्लिम डिव्हायसेस या अमेरिकन कंपनीने २००१ मध्ये बाजारात आणलेला ‘स्लिम्प३’ हा जाळ्यातून संगीत घेऊन हाय-फाय संचास देणारा आरंभीचा घरगुती वादक होय. ही कंपनी २००६ मध्ये लॉजिटेकने घेतली व २०१२ मध्ये या वादकांचे उत्पादन थांबविले. मात्र त्यांची आज्ञावली मुक्त स्वरूपाची असल्यामुळे ती स्वयंसेवकांनी जिवंत ठेवली व २०२४ पासून ती ‘लिरियन म्यूझिक सर्व्हर’ या नावाने ओळखली जाते. घरचा संग्रह कोणाच्या भरवशावर ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर या इतिहासात बरेचसे आहे.

तत्त्व : माणसास साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचा) ध्वनी ऐकू येतो. कोणत्याही कंप्रतेचा संदेश अचूकपणे पुन्हा उभा करण्यासाठी तिच्या दुपटीहून अधिक वेळा त्याचे मापन करावे लागते. म्हणून सीडीसाठी दर सेकंदास ४४,१०० मापने घेतात व प्रत्येक मापन १६ द्विमान अंकांनी (बिटांनी) व्यक्त करतात. दोन ध्वनिमार्गांचे मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. एका तासाच्या मैफलीस या हिशेबाने सु. ६३५ मेगाबाइट जागा लागते. ‘फ्लॅक’ या पद्धतीने एकही अंक न गमावता ही जागा सामान्यतः निम्म्याच्या आसपास आणता येते. त्यामुळे एक टेराबाइटच्या तबकडीवर सु. २,८०० तासांचे संगीत मावते. ‘एमपी३’ पद्धतीत कानास जाणवणार नाहीत असे मानलेले अंश टाकून दिले जातात. ते पुन्हा मिळविता येत नाहीत, म्हणून संग्रहाची मूळ प्रत एमपी३ मध्ये ठेवू नये. प्रवासात ऐकण्यासाठी हवी असल्यास ती फ्लॅकवरून केव्हाही करता येते. [⟶ ध्वनिमुद्रण व पुनरुत्पादन].

जोडणी : एक लहान संगणक, त्यास जोडलेली साठवण तबकडी, जाळ्याचा मार्गक (राउटर), वादक आणि अंकीय संदेशाचे सदृश विद्युत् संदेशात रूपांतर करणारा परिवर्तक (डॅक) इतके घटक पुरतात. २०१२ पासून मिळू लागलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर सर्व्हर व वादक या दोन्ही आज्ञावल्या चालू शकतात. प्रथम संगणकावर कार्यकारी प्रणाली व सर्व्हर आज्ञावली घालतात. नंतर संचिकांचे ठिकाण दाखवून तिच्याकडून सूची तयार करवून घेतात. मार्गकात या संगणकासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवणे आवश्यक असते. तसे न केल्यास वीज जाऊन परत आल्यावर सर्व्हरला निराळा पत्ता मिळतो आणि काल वाजणारे संगीत आज सापडेनासे होते. परिवर्तकाचा निर्गम विवर्धकाच्या ‘ऑक्स’ प्रवेशाशी जोडतात. तबकडीवादकासाठी असलेल्या ‘फोनो’ प्रवेशाशी तो कधीही जोडू नये, कारण तेथे संदेश अनेक पटींनी वाढविला जातो व त्याचा समतोलही बदलला जातो. सर्व्हर घरच्या जाळ्यापुरताच ठेवावा. बाहेरील आंतरजालास तो उघडा करू नये.

सीडीच्या दर्जाच्या संगीतास सेकंदाला दीड मेगाबिटहून कमी क्षमता लागते. साध्या तारजोडणीची क्षमता १०० मेगाबिट असते. म्हणजे वेगाची अडचण नाही. अडचण भिंतींची आहे. बीड, अंबाजोगाई यांसारख्या गावांतील जुन्या वाड्यांच्या दगडमातीच्या रुंद भिंतींतून बिनतारी संदेश फार क्षीण होतो. ५ गिगाहर्ट्झच्या तुलनेने २.४ गिगाहर्ट्झचा संदेश भिंतीपलीकडे बरा पोहोचतो. तथापि अशा घरांत एकदाच तार ओढून घेणे हा खरा उपाय होय. ही तार १०० मी. लांबीपर्यंत चालते व ती स्वस्तातली असली तरी चालते. महाग तारेमुळे स्वर उजळतात असे विक्रेते सांगतात. परंतु जाळ्यातून जातात ते अंक, आणि वाटेत चुकलेले अंक सर्व्हर पुन्हा पाठवितो. तारेवर खर्च करावयाचे पैसे ध्वनिक्षेपकांवर खर्च केल्यास फरक नक्कीच ऐकू येईल.

विवर्धकातून येणारी सततची गुणगुण ही नव्या जोडणीतील नेहमीची तक्रार असते. संगणक व विवर्धक निरनिराळ्या ठिकाणी भूसंपर्कित झाले असता त्यांच्यामधून वाहणाऱ्या अल्प प्रवाहामुळे ५० हर्ट्झ व तिच्या पटीतील कंप्रतांचा हा ध्वनी उत्पन्न होतो. दोन्ही उपकरणे एकाच फळीवरून चालविणे किंवा मधली जोडणी प्रकाशीय तंतूने करणे हे उपाय उपयोगी पडतात. भूसंपर्काची तिसरी पिन काढून टाकण्याचा उपाय मात्र जिवावर बेतू शकतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून भूसंपर्काचा रोध वाढतो, म्हणून मीठ-कोळसा भरलेल्या खड्ड्यात वेळोवेळी पाणी ओतावे लागते. पाण्याचा आणि विजेचा या जिल्ह्यात निकटचा संबंध आहे : परळी वैजनाथ येथील औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. सर्व्हर व मार्गक यांना मिळून थोडीच वीज लागत असल्याने लहान इन्व्हर्टरवर ते तासन्‌तास चालतात. ही चैन नव्हे. तबकडीवर लेखन चालू असता वीज गेल्यास संचिकांची सूची बिघडण्याची शक्यता असते.

जुन्या ध्वनिमुद्रणांचे रूपांतर : सीडीवरील संगीत संगणकात उतरविणे हे यांत्रिक काम आहे. तबकड्या व कॅसेटी यांच्या बाबतीत मात्र कान आणि संगीताचे ज्ञान लागते. ७८ फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तबकड्यांचा खोबणमार्ग रुंद असल्यामुळे त्यांना दीर्घवादन तबकडीची सुई चालत नाही, तिच्या सु. तिप्पट जाड टोकाची सुई लागते. शिवाय आरंभीच्या सर्वच तबकड्या मिनिटास ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत. समजा, ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविली, तर षड्ज जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनच्या जवळ ऐकू येतो, लय वाढते आणि आवाजाचा पोतही पातळ होतो. साथीला हार्मोनियम असल्यास तिच्या सुरावरून मूळ वेगाचा अंदाज बांधता येतो, परंतु त्या काळच्या पेट्या एकाच प्रमाणात लावलेल्या होत्या असे गृहीत धरता येत नाही. म्हणून रूपांतर करताना योजलेला वेग नोंदवून ठेवावा.

कॅसेट वाजविण्यापूर्वी तिच्यातील फीत दाबून धरणारी नमद्याची गादी जागेवर आहे का ते पाहावे; गोंद सुकून ती गळून पडलेली असते. तशी असल्यास फीत नव्या कवचात बसवावी लागते. वादकाच्या मुखाचा कोन प्रत्येक कॅसेटसाठी स्क्रूने किंचित फिरवून वरचे स्वर सर्वांत स्पष्ट येतील असा लावतात. मूळ प्रत २४ बिट व ९६,००० मापने या प्रमाणात घ्यावी, तासाला सु. दोन गिगाबाइट जागा लागते. खरखर काढून टाकणाऱ्या आज्ञावल्यांचा मोह मूळ प्रतीच्या बाबतीत आवरावा. त्या खरखरीबरोबर तंबोऱ्याची जवारीही पुसून टाकतात.

सूचीलेखन : संग्रहाचे खरे मूल्य सूचीवर ठरते आणि या बाबतीत तयार आज्ञावल्या भारतीय संगीतास अपुऱ्या पडतात. त्यांची रचना पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतासाठी झालेली असल्यामुळे कलावंत, संग्रह, गीत व प्रकार एवढीच क्षेत्रे त्यांना अभिप्रेत असतात. मराठी भावगीताला गायक, गीतकार व संगीतकार असे तीन धनी असतात. ख्यालाला राग, ताल, घराणे व साथीदार यांची नोंद हवी असते. फ्लॅक संचिकेत हवी ती क्षेत्रे निर्माण करता येतात. क्षेत्राचे नाव रोमन लिपीत द्यावे लागते, आतील मजकूर देवनागरीत चालतो. एमपी३ च्या सर्वांत जुन्या नोंदपद्धतीत शीर्षकासाठी केवळ तीस अक्षरांची, तीही रोमन, जागा होती. तशा जुन्या संचिकांतील नोंदी नव्याने कराव्या लागतात. भूप व भूपाळी, मालकंस व मालकौंस अशा दुहेरी नावांपैकी एकच नाव ठरवून घ्यावे, अन्यथा एकच राग दोन ठिकाणी विभागला जातो. देवनागरीची स्वतःची एक अडचण आहे. ‘वऱ्हाड’ या शब्दातील ‘ऱ’ संगणकात एकाक्षरी संकेताने अथवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांस दोन्ही सारखे दिसतात, परंतु संकेतांचे एकरूपीकरण न करणाऱ्या शोधयंत्रास ते भिन्न शब्द वाटतात.

क्रम हाही आशयाचा भाग असू शकतो. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या गीतरामायणात ५६ गीते आहेत. त्यांस क्रमांक न दिल्यास यंत्र ती अकारविल्हे लावते आणि रामकथा उलटसुलट होते. क्रमांक ०१, ०२ असे दोन अंकी लिहावेत; एरवी काही वादक १ नंतर १० वाजवितात.

बाजारात कधीच न आलेल्या ध्वनिमुद्रणांबाबत सूचीची जबाबदारी सर्वाधिक असते. गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनी पुण्यातून चालविलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील एक हजारांहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखांवर ओव्या जमविल्या गेल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी या कामास संगणकीय सूचीची व ध्वनिमुद्रणाची जोड दिली. त्यात बीड जिल्ह्याचा भाग मोलाचा आहे : माजलगाव येथील भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत दळण दळणाऱ्या स्त्रियांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या आहेत. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने २०१७ पासून हा संग्रह क्रमशः प्रकाशित केला. प्रत्येक ओवीला गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव व विषय यांची नोंद जोडलेली असल्यामुळेच एवढ्या राशीतून हवी ती ओवी आज हाती लागते. विजेच्या गिरण्या आल्यावर जात्याबरोबर हे गायनही मागे पडले. ज्या घरी आजीच्या ओव्यांची किंवा गावातील कीर्तनाची एखादी कॅसेट असेल, त्या घरी तेच तिचे एकमेव अस्तित्व असते. त्या संचिकेत कलावंताच्या जागी ‘अज्ञात’ असे यंत्राने आपोआप घातलेले लेबल राहू देणे म्हणजे गाणारणीला दुसऱ्यांदा विसरणे होय. नाव, गाव, प्रसंग व साल ही माहिती सांगणारी माणसे घरात असतानाच विचारून घ्यावी.

प्रती : अंबाजोगाई येथे दासोपंतांनी (१५५१–१६१५) कापडावर लिहिलेली पासोडी जपून ठेवलेली आहे. संगणकाची तबकडी पाच-सात वर्षांत जुनी समजतात, आणि ती बहुधा पूर्वसूचना न देता बंद पडते. ४०° से. च्या पुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात बंद कपाटात सर्व्हर ठेवल्यास हे लवकर घडते. तेव्हा संग्रहाच्या किमान तीन प्रती असाव्यात व त्यांपैकी एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे असावी. एकाच पेटीत दोन तबकड्या बसवून दोन्हींवर एकाच वेळी लेखन होण्याची सोय केली तरी ती प्रत ठरत नाही, कारण चुकून पुसलेली संचिका दोन्हींवरून एकदमच नाहीशी होते. प्रत्येक संचिकेचा पडताळा-अंक काढून ठेवला, तर प्रत बिघडली आहे की नाही हे वर्षातून एकदा ताडून पाहता येते. फ्लॅक संचिकेत असा अंक अंतर्भूत असतो. रूपांतर झाल्यानंतरही मूळ कॅसेट टाकून देऊ नये.

कायदा : भारतीय प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ प्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकतो. स्वतःच्या मालकीच्या तबकडीचे खाजगी वापरासाठी केलेले रूपांतर रास्त वापरात मोडते. त्याची प्रत इतरांस वाटणे वा आंतरजालावर ठेवणे मोडत नाही. घरगुती मुद्रणांत गाणाऱ्या व्यक्तीचाही हक्क असतो. म्हणून ती घराबाहेर देण्यापूर्वी तिची, व ती हयात नसल्यास तिच्या वारसांची, लेखी संमती घ्यावी व ती संचिकेसोबतच साठवावी.