रडीचा डाव

महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाने टेनिसवर लिहायचे म्हणजे कीर्तनकाराने मोटार-दुरुस्तीवर बोलण्यासारखे आहे, हे मला मान्य आहे. माझ्या हातात रॅकेट येते ती चिरंजिवांची पिशवी उचलण्यापुरतीच. पण हा खेळ पाहण्याचे वेड जुने आहे. आणि गेल्या डिसेंबरात एका सकाळी असे काही घडले, की या खेळातल्या रागावर चार शब्द लिहिल्यावाचून मला चैन पडेना. काय घडले ते शेवटी सांगतो. आधी थोरामोठ्यांच्या रागाकडे पाहू. दुसऱ्याचा राग पाहणे नेहमीच सोपे असते.

टेनिसमधल्या संतापाची गोष्ट निघाली, की जॉन मॅकेन्रोचे नाव आधी येते. १९८१ च्या विम्बल्डनमध्ये, पहिल्याच फेरीत, टॉम गलिक्सनविरुद्ध त्याची एक सर्व्हिस बाहेर ठरवली गेली. चेंडू रेघेवर पडला, खडूची पूड उडाली, ती सगळ्यांना दिसली, असे त्याचे म्हणणे. उंच खुर्चीवर बसलेल्या पंचांवर तो कडाडला, ‘यू कॅनॉट बी सिरियस!’ हे वाक्य एवढे गाजले, की पुढे त्याच्या आत्मचरित्राला तेच नाव मिळाले. वर्गात एकदा मी मुलांना त्याचे मराठी करायला सांगितले. एकाने ‘आपण गंभीर असू शकत नाही’ असे केले. त्याला मी शून्य दिले. इतक्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘अहो, थट्टा करता काय राव!’ त्याला पैकीच्या पैकी.

मॅकेन्रोने तो सामना जिंकला, आणि अंतिम फेरीत ब्यॉर्न बोर्गला हरवून ती स्पर्धाही जिंकली. मात्र विजेत्याला ऑल इंग्लंड क्लबचे सन्माननीय सदस्यत्व देण्याचा जो रिवाज आहे, तो त्या वेळी त्याच्या बाबतीत पाळला गेला नाही. चषक मिळाला, पण घरात पाट मांडला गेला नाही म्हणा ना!

आता या बोर्गची गंमत पाहा. बर्फासारखा थंड म्हणून जगभर ज्याची ख्याती, तो काही जन्मतः थंड नव्हता. बारा-तेरा वर्षांचा असताना तो रॅकेट आपटायचा, आरडाओरडा करायचा. तेव्हा क्लबने त्याला सहा महिने बाहेर बसवले, हे त्यानेच सांगितले आहे. त्याने धडा घेतला तो आयुष्यभरासाठी. पुढे मॅकेन्रोशी झालेल्या सुरुवातीच्या एका सामन्यात तो पोरगा नेहमीप्रमाणे धुमसू लागला, तेव्हा बोर्गने त्याला जाळीपाशी बोलावले. आता हा आपल्याला झापणार, असे मॅकेन्रोला वाटले. बोर्गने एवढेच सांगितले, की शांत हो, सामना छान चालला आहे. ही आठवण स्वतः मॅकेन्रोचीच. बोर्गसमोर खेळताना तो सहसा तोंड सोडत नसे.

वाचकहो, मला या गोष्टीत सगळे मर्म दिसते. म्हणजे राग आवरता येत नव्हता असे नाही. कोणासमोर आवरायचा आणि कोणावर सोडायचा, एवढाच प्रश्न होता. आपणही कचेरीत साहेबांपुढे मान डोलावतो आणि घरी येऊन आमटीत मीठ कमी पडल्याबद्दल आकाशपाताळ एक करतो. राग आंधळा असतो म्हणतात, ते खोटे. कोण उलट उत्तर देणार नाही, हे त्याला नेमके दिसते.

टेनिसच्या पंचाला असे उत्तर देता येत नाही. त्याच्या हाती असतात फक्त नियमांच्या पायऱ्या. १९९० साली ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मॅकेन्रो मिकाएल पेर्नफोर्सविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता. पहिली ताकीद मिळाली. मग रॅकेट आपटल्याबद्दल एक गुण गेला. यानंतर फार तर एक गेम जाईल, असा त्याचा हिशेब होता. पण नियम नुकताच बदलला होता आणि मधली पायरी काढून टाकली होती. पुन्हा अपशब्द निघाला आणि सामनाच गेला!

नियमांना एवढे कडक व्हावे लागते, कारण रागाचा चेंडू कुठे जाऊन लागेल याचा नेम नाही. १९९५ च्या विम्बल्डनमध्ये टिम हेन्मनने दुहेरीच्या सामन्यात वैतागून चेंडू टोलावला, तो चेंडू उचलून देणाऱ्या मुलीला लागला. हेन्मन इंग्रजांचा लाडका, सालस मुलगा. तरी त्याला स्पर्धेतून काढले. मागाहून फुले घेऊन तो त्या मुलीची क्षमा मागायला गेला. २०२० च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत तर पहिल्या क्रमांकाच्या नोव्हाक जोकोविचचीच पाळी आली. चौथ्या फेरीचा सामना, पहिला सेट. सर्व्हिस गमावल्याच्या त्राग्यात खिशातला चेंडू त्याने मागे भिरकावला आणि तो रेषेवर उभ्या असलेल्या बाईंच्या गळ्यावर बसला. मारायचा हेतू नव्हता, हे सर्वांना मान्य. पण गळ्याला हेतू लागत नाही, चेंडू लागतो. जोकोविच स्पर्धेबाहेर गेला.

इथे कोणी विचारील, ‘म्हणजे अन्याय मुकाट्याने गिळायचा काय?’ नाही. २००४ साली त्याच अमेरिकन स्पर्धेत सेरेना विल्यम्सविरुद्ध जेनिफर कॅप्रियाटीच्या सामन्यात पंचांचे निर्णय उघड-उघड चुकले. आत पडलेला चेंडूसुद्धा सेरेनाच्या विरुद्ध गेला. तिने दाद मागितली, मिळाली नाही, आणि ती हरली. त्या सामन्यानंतर यंत्राने रेघ पाहावी या मागणीला जोर चढला आणि २००६ पासून खेळाडूला निर्णयाला आव्हान देण्याची सोय झाली. तक्रारीतून न्याय झाला तो असा.

त्याच सेरेनाचा २०१८ चा अंतिम सामना मात्र आठवतो तो वेगळ्या कारणाने. समोर वीस वर्षांची नाओमी ओसाका. सेरेनाला आधी ताकीद मिळाली, मग रॅकेट मोडल्याबद्दल गुण गेला, मग पंचांना ‘चोर’ म्हटल्याबद्दल सबंध गेम. पंचांनी फार ताणले, पुरुषांचे असले बोलणे खपवून घेतले जाते, असे म्हणणारे पुष्कळ होते आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. पण मला आठवते ती बक्षीस-समारंभाच्या वेळची ओसाका. आयुष्यातले पहिले मोठे अजिंक्यपद, आणि प्रेक्षकांची हुर्यो ऐकत ही पोर डोळे पुसते आहे! शेवटी सेरेनानेच प्रेक्षकांना विनवले, की आता पुरे, हिचे कौतुक करा. तेवढ्यापुरता सामना पुन्हा खेळासारखा झाला.

आता यंत्र सर्वत्र येत आहे. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये रेषेवरची माणसे प्रथमच नव्हती. भांडण मिटले काय? छे! त्याच स्पर्धेत एका सामन्यात कोर्टाच्या एका बाजूचे यंत्र कोणाच्या तरी चुकीने बंद राहिले आणि बाहेर पडलेल्या चेंडूवर पाव्ल्युचेन्कोव्हाला न्याय मिळाला नाही. पुढे त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेत एक छायाचित्रकार मध्येच कोर्टावर आला आणि पंचांनी प्रतिस्पर्ध्याला पुन्हा पहिली सर्व्हिस दिली, म्हणून मेदवेदेवने आकांत मांडला. सामना हरल्यावर रॅकेटचा भुगा केला. यंत्र रेघ पाहते. मन पाहत नाही.

मन पाहायचे तर दुसऱ्या काही खेळाडूंकडे पाहावे. १९८२ च्या फ्रेंच स्पर्धेचा उपांत्य सामना. सतरा वर्षांचा मॅट्स विलँडर मॅच पॉइंटवर होता. क्लर्कचा फटका बाहेर ठरला, पंचांनी सामना विलँडरला दिला. पण विलँडर पंचांकडे गेला, असे जिंकायचे नाही म्हणाला, आणि तो गुण पुन्हा खेळायला लावला. तो गुणही त्याने जिंकला आणि पुढे स्पर्धाही. ही गोष्ट गोड शेवटाची. २००५ ची रोममधली गोष्ट तशी नाही. अँडी रॉडिकच्या हाताशी तीन मॅच पॉइंट होते. व्हर्दास्कोची दुसरी सर्व्हिस बाहेर ठरली, म्हणजे सामना संपलाच. रॉडिकने मातीतली खूण पाहिली, पंचांना दाखवली, म्हणाला, चेंडू आत आहे. खेळ पुढे चालला आणि रॉडिक हरला. मला विलँडरपेक्षा रॉडिक थोडा मोठा वाटतो. खरेपणाला बक्षीस मिळते म्हणून खरे वागणारे पुष्कळ; बिल चुकवूनही खरे वागणारा एखादाच.

आता ती डिसेंबरातली सकाळ. चौदा वर्षांखालील मुलांची एक स्थानिक स्पर्धा होती. चिरंजीव तिसऱ्या सेटमध्ये बरोबरीत. त्याचा एक फटका मागच्या रेघेजवळ पडला आणि पंचाच्या खुर्चीवरच्या मुलाने बाहेर दिला. मुलगाच तो, असेल एकोणीस-वीस वर्षांचा. ज्या वयाची मुले रोज माझ्यासमोर बाकांवर बसतात, त्याच वयाचा. आणि मी, खिलाडू वृत्तीवरचे निबंध वीस वर्षे तपासणारा मी, उठून ओरडलो, ‘डोळे आहेत की बटणं? आत होता चेंडू!’ आणखीही बोललो. ते इथे लिहिण्याजोगे नाही. त्या मुलाने मान खाली घातली. बाकीचे आई-बाप माझ्याकडे पाहू लागले.

चिरंजीव जाळीपर्यंत आले. मला वाटले, बापाची साथ द्यायला. तो हळूच म्हणाला, “बाबा, बाहेरच होता. मी पाहिला.”

सामना तो हरला. परत येताना स्कूटरवर मागे बसून तो एक अक्षर बोलला नाही. लहानपणी आमच्या वाड्यात कोणी हरताना भांडण काढले, की पोरे एका सुरात ओरडत, ‘रडीचा डाव!’ त्या दिवशी ते शब्द कोणी उच्चारले नाहीत, म्हणूनच ते अधिक ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथे गेलो. तो मुलगा पुढच्या सामन्याची जाळी बांधत होता. मी क्षमा मागितली. मला वाटले, तो संकोचेल, नाहीतर जरा रागावेल तरी. त्याने जाळीची दोरी ताणली आणि हसून म्हणाला, “असू द्या काका, आम्हांला सवय आहे.”

पंचांना हेन्मनसारखी फुले नेली असती तरी बरे झाले असते, असे मला वाटले. एकोणीस वर्षांच्या मुलाला कसली सवय लावली आम्ही मोठ्या माणसांनी! येत्या डिसेंबरात ती स्पर्धा पुन्हा आहे. चिरंजीव खेळणार आहेत. मी जाणार आहे. पण सौभाग्यवतींनी अट घातली आहे, की चेंडू आत की बाहेर, हे मी बोलायचे नाही. मी कबूल केले आहे. फक्त सामना संपल्यावर खुर्चीवरून जो कोणी उतरेल, त्याला ‘छान झाला सामना’ एवढे म्हणायची परवानगी मी मागून घेतली आहे.