'इत्यादी घटक' आणि आठ हजार ठिपके

औषधालयात येणाऱ्या माहितीपत्रकांवर हल्ली एक वाक्य हमखास असते: वय, धूम्रपान इत्यादी घटक जमेस धरूनही अमुक द्रव्याने धोका इतका उणावला. यातील 'इत्यादी' आम्हांस नेहमी खटकतो.

ई जीवनसत्त्वाचेच पाहावे. अमेरिकेतील ८७ हजारांहून अधिक परिचारिकांच्या निरीक्षणावरून, या गोळ्या घेणाऱ्यांत हृद्रोग कमी, असे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. धूम्रपानादी घटक तेथेही जमेस धरले होते. पुढे २००० साली 'होप' चाचणीत यदृच्छेने गट पाडून कॅप्सूल दिली, तेव्हा हृदयास लाभ दिसला नाही. (नेमाने गोळी घेणारा बहुधा पथ्यही पाळतो, हे वैद्यांस सांगणे न लगे.)

चिराग पटेल, बेलिंडा बर्फोर्ड व जॉन आयोअनिडिस यांनी २०१५ मध्ये या 'इत्यादी'चे चित्रच काढले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतील माहिती घेऊन त्यांनी रिग्रेशनने रक्तातील घटक आणि मृत्यू यांचा संबंध तपासला. वय व लिंग कायम ठेवले. धूम्रपान, मद्यपान, वजन, रक्तदाब, उत्पन्न, शिक्षण असे आणखी १३ घटक मात्र आलटून पालटून घेतले वा वगळले. त्यातून ८,१९२ गणिते झाली. प्रत्येक गणिताचा एक ठिपका. आडव्या अक्षावर धोक्याचे गुणोत्तर, उभ्या अक्षावर संख्याशास्त्रीय पुराव्याचे बळ. ई जीवनसत्त्वाच्या ठिपक्यांचा पुंजका १ या रेषेच्या दोन्ही बाजूंस पसरला. माहिती तीच, रुग्ण तेच. घटकांची निवड बदलताच तारक द्रव्य मारक ठरू लागले. तपासलेल्या ४१७ बाबींपैकी सुमारे ३१ टक्क्यांत असेच दुतोंडी वर्तन आढळले.

सर्व ठिपके सारख्याच मोलाचे, असे मात्र समजू नये. एखादे द्रव्य रक्तदाब उतरवूनच गुण देत असेल आणि गणितात रक्तदाब जमेस धरला, तर तो गुणच पुसला जाईल. कोणता घटक घ्यावा हा निर्णय रोगाची संप्राप्ती जाणणाऱ्याचा आहे, संगणकाचा नव्हे. शिवाय ज्याची नोंदच झाली नाही, ते या चित्रात येत नाही. अग्नी, कोष्ठ, सात्म्य यांच्या नोंदी आपल्यापैकी किती जण ठेवतात?

यापुढे माहितीपत्रक हाती आल्यास आपल्या सभासदांनी निर्मात्यास लेखी विचारावे: केवळ वय व लिंग धरून आकडा किती होता? धूम्रपान धरल्यावर किती? उत्पन्न धरल्यावर किती? आलेले आकडे आलेखाच्या कागदावर ओळीने मांडावेत आणि १ वर उभी रेघ ओढावी. ठिपके रेघेच्या एकाच बाजूस राहतात की ओलांडतात, हे पाहूनच माल मागवावा.