सैन्यातून पळालेल्या जवानाला मदत : परदेशातील नातलगांनाही कायदा लागू

सुलैबिया (कुवेत) : सैन्यातील नोकरी गेली, की तिच्याबरोबर कुटुंबाचा आधारही कसा जातो, हे जहरा प्रांतातील सुलैबियाने पाहिले आहे. येथील राज्यविहीन ‘बिदून’ समाजातील अनेक पुरुष एकेकाळी कुवेतच्या सैन्यात व पोलीस दलात होते. १९९० चे इराकी आक्रमण आणि त्यानंतरची मुक्ती यांनंतर त्यांतील बहुसंख्यांना पुन्हा सेवेत घेण्यात आले नाही. त्या घरांची परवड अजून संपलेली नाही.

कुवेतमधील मराठी कुटुंबांपुढे सैन्यसेवेचा प्रश्न वेगळ्या रूपाने येऊ शकतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत एक भाऊ सैन्यात आणि दुसरा आखातात, अशी घरे नवी नाहीत. समजा, रजेवर घरी आलेला जवान परत जाण्यास नकार देतो आणि कुवेतमधील भावाकडे पैसे मागतो. भावाने ते पाठवले, तर ती केवळ भाऊबंदकीची माया ठरेल की गुन्हा?

प्रथम जवानाची बाजू. सैन्य अधिनियम, १९५० मध्ये दोन वेगळे अपराध आहेत. रजा संपूनही पुरेशा कारणाशिवाय हजर न होणे हा कलम ३९ खालील अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. परत न जाण्याच्या हेतूने सेवा सोडणे म्हणजे पलायन. कलम ३८ नुसार त्यास सात वर्षांपर्यंत कारावास आहे; प्रत्यक्ष युद्धसेवेवर असताना किंवा तशा सेवेचा आदेश मिळालेला असताना पलायन केल्यास मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. दोहोंतील फरक हेतूचा आहे. गैरहजेरीस तीस दिवस झाले, की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते आणि तिच्या नोंदीनंतर, जवान परतला नाही किंवा पकडला गेला नाही, तर तो पलायित मानला जातो.

आता मदत करणाऱ्या नागरिकाची बाजू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुनी कलमे १३५ व १३६ आता अनुक्रमे १६३ व १६४ झाली आहेत. कलम १६३ पलायनास अपप्रेरणा देण्याविषयी आहे, म्हणजे ‘जाऊ नकोस, मी इकडे सोय करतो’ असे सांगून जवानाला प्रवृत्त करणे किंवा त्यास साह्य करणे. कलम १६४ पलायनानंतर आसरा देण्याविषयी आहे. दोन्हींस दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दोन्ही गुन्हे दखलपात्र, तथापि जामीनपात्र आहेत. जवानाला कर्तव्यापासून फितवण्याचा प्रयत्न हा कलम १५९ चा गुन्हा याहून कितीतरी गंभीर असून त्याची कमाल शिक्षा जन्मठेप आहे.

‘आसरा’ या शब्दाची कायद्यातील व्याप्ती घराच्या छपरापुरती नाही. संहितेच्या व्याख्येत निवारा, अन्न, कपडे, वाहन यांबरोबर पैसेही येतात. म्हणजेच जवान पळालेला आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना, त्याला लपून राहता यावे म्हणून परदेशातून पाठवलेली रक्कम या व्याख्येत बसू शकते. ज्याला पलायनाची कल्पनाच नव्हती, त्याच्यावर मात्र हा दोष येत नाही.

कलम १६४ मध्ये सूट एकाच नात्याला आहे : पती किंवा पत्नी. जुन्या कायद्यात ती केवळ पत्नीला होती. आई, वडील, भाऊ, बहीण यांना अशी सूट नाही. लेकराला जेवू घालणाऱ्या आईचे मन कायद्याला कळत नाही असे नव्हे. परंतु तिची बाजू शिक्षा ठरवताना न्यायाधीशापुढे मांडावी लागते, तिने गुन्हा आपोआप पुसला जात नाही.

कुवेतमध्ये राहिल्याने भारतीय नागरिक या कायद्याबाहेर जात नाही. संहितेच्या पहिल्याच कलमानुसार भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्यासही ती लागू आहे. कलम ४८ नुसार परदेशात बसून भारतातील गुन्ह्यास दिलेली अपप्रेरणाही गुन्हा ठरते. मात्र परदेशात घडलेल्या गुन्ह्याची चौकशी वा खटला भारतात चालवण्यासाठी केंद्र सरकारची पूर्वमंजुरी आवश्यक असते.

मग आप्तांनी करावे काय? जवानाला परत जाण्यास समजावणे, परतीचे तिकीट काढून देणे, वकील पाहून देणे, तो स्वतः हजर होईल तेव्हा सोबत जाणे यांपैकी काहीही गुन्हा नाही. आजारपण किंवा घरची अडचण हे खरे कारण असेल, तर रजा संपण्यापूर्वी युनिटला कळवून मुदतवाढ मागणे श्रेयस्कर. हजर होण्यास जितका विलंब, तितका परत न जाण्याचा हेतू सिद्ध करणे सोपे जाते. म्हणून सुलैबियाहून गावी पैसे धाडण्यापूर्वी भावाने एकच प्रश्न स्वतःस विचारावा : हे पैसे धाकट्याला लपवण्यासाठी जात आहेत, की युनिटपर्यंत पोचवण्यासाठी?