‘वर्धा’ किती अक्षरांचे?

वेब अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमध्ये वारंवार सापडणारे दोन दोष आज आपण पाहू.

पहिला मोजण्याचा. ‘वर्धा’ आपल्याला दोन अक्षरी दिसतो. युनिकोडमध्ये मात्र व, र, हलन्त, ध, काना अशी ५ चिन्हे होतात, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ म्हणजे एकूण १५ बाइट. पीएचपीचे ‘स्ट्रलेन’ बाइटच मोजते. मग ‘नाव ३० पर्यंत’ अशी अट घातली की ३३ बाइटची ‘ज्ञानेश्वरी’ बाहेरच राहते! तिथे ‘एमबी_स्ट्रलेन’ वापरायचे, ते चिन्हे मोजते.

दुसरा विश्वासाचा. वसईतले ‘डिसोझा’ आडनाव रोमनमध्ये लिहिताना मध्ये अपॉस्ट्रॉफी येते. तुकडे जोडून क्वेरी केली असेल, तर डेटाबेसला वाटतं, मजकूर इथेच संपला. याच फटीतून कुणी आज्ञाही घुसवतो. तेच एसक्यूएल इंजेक्शन. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानते, पण तो आप्ताचा असेल तरच. फॉर्म भरणारा आप्त आहे की नाही, हे कोडला कसं कळणार? म्हणून आज्ञा आणि मजकूर वेगवेगळे पाठवायचे. प्रिपेअर्ड स्टेटमेंट हेच करते.

चाचणीच्या यादीत ही दोन्ही नावं घालून बघा. एखादं जरी अडलं, तरी दोष त्या माणसाच्या नावात नाही, आपल्या कोडमध्ये आहे.