जुन्या आज्ञा, नवा संगणक

सभासद बंधू-भगिनींनो,

या अंकात आम्ही नेहमीप्रमाणे बेणे, खत किंवा खोडव्याविषयी लिहिणार नाही. विषय शेतकी ऑफिसातल्या टेबलावरचा आहे. परंतु त्याचा संबंध थेट आपल्या उसाच्या तोडीशी आला, म्हणून तो आपल्यापुढे ठेवणे आम्हांस जरूर वाटते.

मागील हंगामात एका गटाची तोडणीची दुरुस्ती यादी चार दिवस उशिरा फलकावर लागली. आडसाली ऊस वेळेत तुटला नाही तर त्याला तुरा येतो, ऊस आतून पोकळ पडू लागतो, वजन घटते आणि उताराही घटतो. हे आपणांस आम्ही सांगायला नको. त्या वेळी सभासद विचारीत होते, "साहेब, यादी अडलीय कुठं?" आम्ही "संगणकात बिघाड आहे" असे सांगून वेळ मारून नेली. ते खरे नव्हते. संगणक ठणठणीत होता. खरे काय घडले ते आज सांगतो.

आमच्या ऑफिसात याद्या व परिपत्रके टाईप करणारे जे ज्येष्ठ लेखनिक आहेत, त्यांना सगळे तात्या म्हणतात. मूळचे ते माळशेज घाटाच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यात असलेल्या वैशाखरे गावचे. कल्याणला जाऊन टायपिंग शिकले आणि १९८९ साली तेथेच 'वर्डस्टार' हा लिखाणाचा प्रोग्रॅम शिकले. मग घाट चढून आपल्याकडे आले. कळफलकाकडे न बघता टाईप करणारा असा माणूस आम्ही दुसरा पाहिलेला नाही.

आता वर्डस्टार म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेतील मायक्रोप्रो कंपनीने तो १९७८ साली बाजारात आणला. त्या काळी माऊस नव्हता आणि पुष्कळ कळफलकांवर बाणांच्या कळाही नसत. त्यामुळे सगळे काम 'कंट्रोल' नावाची कळ दाबून धरून, सोबत एखादे अक्षर दाबून करायचे. कंट्रोलबरोबर ई दाबले की वर, एक्स दाबले की खाली, एस दाबले की डावीकडे, डी दाबले की उजवीकडे. कळफलकावर ही चार अक्षरे पाहा, बरोबर चौफुलीसारखी बसलेली आहेत. त्याच्याच बाहेर, एसच्या डावीकडे ए आहे, त्याने एक शब्द मागे. डीच्या उजवीकडे एफ आहे, त्याने एक शब्द पुढे. म्हणजे आज्ञा पाठ करायच्या नव्हत्या, बोटांनाच जागा कळत असे. कंट्रोल-के ही जोडआज्ञा होती : के नंतर बी म्हणजे मजकुराच्या तुकड्याची सुरुवात, के नंतर पुन्हा के म्हणजे शेवट, के-सी म्हणजे नक्कल, के-व्ही म्हणजे हलवणे, के-एस म्हणजे जतन करून पुढे चालू. हात टाईप करण्याच्या जागेवरून उचलावाच लागत नसे.

पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने जिस्ट कार्ड आणले. ते संगणकात बसवले की डॉसवरच्या अशा प्रोग्रॅमात देवनागरी लिहिता येई. म्हणजे मराठी लिखाणही त्याच जुन्या आज्ञांनी होऊ लागले. तात्यांची बोटे अशी तयार झालेली आहेत.

आता घडले ते ऐका. ऑफिसात नवा संगणक व नवा लिखाणाचा प्रोग्रॅम आला. चिटबॉयांनी आणलेल्या टिपणांवरून तात्या सुमारे तीनशे नोंदींची यादी दुरुस्त करीत होते. एक शब्द मागे जावे म्हणून सवयीने त्यांनी कंट्रोल-ए दाबले. नव्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोल-ए म्हणजे 'सगळा मजकूर निवडा'. तात्यांची नजर टिपणावर. त्यांनी पुढचे अक्षर टाईप केले आणि सबंध यादी जाऊन तेवढे एक अक्षर राहिले. मग डावीकडे सरकावे म्हणून कंट्रोल-एस दाबले. नव्यात त्याचा अर्थ 'जतन करा'. म्हणजे कोरी झालेली यादी आपल्याच हाताने जतन झाली. त्या क्षणी कंट्रोल-झेड दाबत गेले असते तर यादी परत आली असती, कारण फाईल बंद होईपर्यंत मागचे पाऊल उलट घेता येते. पण वर्डस्टारमध्ये कंट्रोल-झेडचे काम मजकूर सरकवणे एवढेच होते, तात्यांना ते सुचावे कसे? तेवढ्यात वीज गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली होती आणि ती बदलायचे आमच्याच्याने राहून गेले होते. यादीची दुसरी प्रत ठेवायला सांगणे हेही आमचेच काम होते. तात्यांनी चार दिवस बसून यादी पुन्हा उभी केली. राजीनाम्याचा कागदही त्यांनी लिहून आणला होता. तो आम्ही घेतला नाही.

काहींचे म्हणणे पडले की तात्यांना घरी बसवा, नवीन पोरगा घ्या. आमचे मत निराळे पडले. चांगल्या बैलाला नवे जू टोचते म्हणून कोणी बैल विकत नाही, आधी जू तासून बघतो. येथे तर जू तासण्याची सोय प्रोग्रॅममध्येच दिलेली आहे.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, कस्टमाईझ रिबन असे जावे. तेथे खालच्या बाजूस कीबोर्ड शॉर्टकट्सचे कस्टमाईझ बटण आहे. डावीकडे 'ऑल कमांड्स' निवडले की आज्ञांची लांबलचक यादी येते. त्यात कॅरलेफ्ट म्हणजे एक अक्षर डावीकडे, कॅरराईट उजवीकडे, लाईनअप वर, लाईनडाऊन खाली, वर्डलेफ्ट व वर्डराईट म्हणजे एकेक शब्द. आज्ञा निवडून, नवी कळ विचारणाऱ्या चौकटीत कंट्रोल-एस वगैरे दाबून 'असाईन' म्हणावे. जोडआज्ञाही चालते : कंट्रोल-के दाबून मग एस दाबले की ती जोडी 'सेव्ह'ला देता येते. हे अगोदर करावे, नाहीतर कंट्रोल-एस डावीकडे सरकण्यास दिल्यावर जतन करायला हाताशी कळ राहत नाही. कळा ठरवताना कळफलक इंग्रजीवर ठेवावा.

सगळेच हुबेहूब जुळत नाही. वर्डस्टारमध्ये तुकड्याला खुणा करून के-सी दाबले की नक्कल जागच्या जागी उमटे. वर्डमध्ये त्याच्या जवळचा मार्ग असा : तुकडा निवडावा, शिफ्ट-एफ २ दाबावे, हव्या जागी जावे आणि एंटर मारावे. नुसते एफ २ दाबले तर तुकडा तिकडे हलतो. लिबरऑफिसच्या रायटरमध्येही टूल्स, कस्टमाईझ, कीबोर्ड येथे कळा बदलता येतात, मात्र के-एससारखी जोडआज्ञा तेथे बसत नाही.

एक सावधगिरी महत्त्वाची. त्याच संगणकावर दुसरा कारकून बसला आणि त्याने जतन करायला कंट्रोल-एस दाबले, तर तात्यांच्या बदललेल्या कळांनी त्याचा घोटाळा होईल. म्हणून तात्यांसाठी संगणकात वेगळे लॉगिन केले आहे. बदल त्यांच्यापुरतेच राहतात. आणि कधी गोंधळ झालाच, तर त्याच खिडकीत 'रीसेट ऑल' आहे.

हे सगळे बसवायला आम्हांला व तात्यांना मिळून एक दुपार लागली. चौफुलीच्या चार कळा, शब्दाच्या दोन आणि जतन करण्याची एक, एवढ्याच सात आज्ञा बदलल्या. बाकीच्या नव्या ते आपणहून शिकले. कंट्रोल-झेड तर त्यांनी कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले आहे. यूपीएसची बॅटरी बदलली असून रोज संध्याकाळी यादीची एक प्रत पेन ड्राईव्हवर व एक छापून ठेवली जाते. या हंगामात त्या गटाची प्रत्येक यादी ठरल्या दिवशी फलकावर लागली.

आपल्या सोसायटीत, पतसंस्थेत, ग्रामपंचायतीतही असे जुन्या हाताचे लेखनिक असतील. नव्या संगणकावर ते मंद झाले म्हणून त्यांना बोल लावण्याआधी त्यांच्या शेजारी अर्धा तास बसून, बोटे कुठे अडखळतात ते पाहावे. आणि मागील हंगामात ज्यांना आम्ही "बिघाड" सांगितला, त्या सभासदांची येथे माफी मागतो.

यादी फलकावर लागली आहे. आपली लागण तारीख, जात व क्षेत्र त्यात बरोबर आहे का, हे प्रत्येकाने समक्ष येऊन पाहावे. चूक असेल तर तात्यांना सांगावे, तुमच्यासमोरच दुरुस्त करून देतील.

आपला,
ऊस विकास अधिकारी